पोच

“जागा कुणाची आहे, मॅडम?”

खिडकीपलीकडच्या माणसानं हे विचारलं तेव्हा मी अर्ज पुढे सरकवून पर्सची चेन लावत होते. माझा अंदाज असा की तो चार ओळी वाचेल, शिक्का मारेल आणि परतीच्या वाटेवर मी मेथीची जुडी घेऊन घरी जाईन. “सरकारी,” मी म्हटलं.

“सरकारी म्हणजे कुणाची? आमची, वनाची, महसूलची, का बांधकाम खात्याची?”

मला उत्तर देता आलं नाही. आयुष्यभर मी हा शब्द वापरत आलेय. सरकारी नळ, सरकारी दवाखाना, सरकारी पड. त्या शब्दामागे कुणीतरी एक जण असेल आणि त्याचं नाव एक दिवस मलाच विचारलं जाईल, हे कधी मनात आलं नव्हतं. रांगेत मागे उभे असलेले गृहस्थ घसा खाकरले. मी अर्ज परत घेतला. मेथी घ्यायचीही राहिली.

अर्ज आमच्या घरामागच्या टेकडीबद्दल होता. टेकडी काही नकाशावर मिरवावी अशी नाही. पायथ्याशी मारुती, तिथून दगडी पायऱ्या, वर कुसळी गवताचं पठार आणि मध्ये कधीकाळी लावलेली गिरिपुष्पाची राई. फेब्रुवारीत ही झाडं पानं टाकून गुलाबी होतात आणि लोक फोटो काढायला येतात. झाडांतलं कळणारे मात्र नाक मुरडतात, कारण गिरिपुष्प मुळात मध्य अमेरिकेतलं, इथल्या पाखरांच्या फारसं कामाचं नाही. मला ते कळतं आणि तरी तो गुलाबी रंग आवडतो. बावीस वर्षं मी रोज सकाळी वर जाते. गुडघ्यांचे डॉक्टर आता पायऱ्या नको म्हणतात, ते मी ऐकत नाही.

गेल्या काही वर्षांत सोमवारची टेकडी वेगळी दिसायला लागली. रविवारच्या रात्रीचा सगळा हिशेब तिथं मांडून ठेवलेला असतो. क्वार्टरच्या बाटल्या, प्लॅस्टिकचे ग्लास, शेंगदाण्याच्या पुड्या, केकचा खोका, केकखालचा सोनेरी पुठ्ठा आणि वाढदिवसाला उडवलेली ती चमकी, जी कुणालाच कधी पुरती वेचता येत नाही. बाटली नुसती टाकत नाहीत, कातळावर फोडतात. त्या आवाजाचीच मजा असते बहुधा. मग एका पावसाळ्यात वळणावरचा लोखंडी कठडा गेला. पडला नव्हता, कापून नेला होता. जमिनीतले बुंधे तेवढे राहिले, कापल्या जागी चकचकीत. त्याच महिन्यात सिमेंटच्या बाकाची पाठ मोडली. बाकाची पाठ मोडायला किती कष्ट पडले असतील, या विचारानं मी त्या दिवशी नुसती बघत राहिले.

आमच्या सकाळच्या मंडळींत एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. ते रोज रिकामं पोतं घेऊन येतात आणि भरून खाली नेतात. हातमोजे न घालता. त्यांना म्हटलं, काका, आपण दोघांच्या सहीनं अर्ज देऊ. ते म्हणाले, “मी उचलीन, पण सांगायला येणार नाही. उचलणं पुण्याचं काम. सांगणं म्हणजे चहाडी.”

मला त्यांचा राग आला नाही. शाळेत मी वर्गाची मॉनिटर होते. बाई बाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची कामगिरी माझी. नाव लिहिणारीला मधल्या सुट्टीत डब्यात वाटेकरी मिळत नाही, हे मी चौथीत शिकले.

सांगण्याला आपल्याकडे शब्द तरी किती! चहाडी, चुगली, कागाळी, गाऱ्हाणं, तक्रार, फिर्याद, वर्दी. पहिल्या तिघींमध्ये काय घडलं ते राहतं बाजूला आणि सांगणाराच वाईट ठरतो. गाऱ्हाणं कोकणात देवापुढे घालतात. एक जण म्हणत जातो आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला “होय महाराजा!” म्हणतो. मला विचाराल तर यापेक्षा चांगली तक्रार निवारणाची सोय अजून कुणी काढलेली नाही, कारण निदान सगळ्यांनी ऐकलं एवढं तरी कळतं. वर्दीची गोष्ट आणखी वेगळी. वर्दी देणं हे गावात कुणाचं तरी नेमून दिलेलं काम होतं. कोतवालानं, पोलीस पाटलानं वर्दी दिली तर त्याला कुणी चहाडखोर म्हणत नसे. शहरातल्या टेकडीवर कोतवाल नाही. मग ते काम माझ्यासारख्या हौशी बाईकडे येतं, आणि हौशी माणसाची वर्दी ऐकणाऱ्याच्या कानात शिरेपर्यंत कागाळी होऊन जाते.

माझ्या आजोळी गावाबाहेर कोंडवाडा होता. छप्पर नसलेल्या चार दगडी भिंती आणि एक करकरणारं फाटक. मोकाट गुरं कुणाच्या पिकात शिरली की त्यांना हाकत तिथं नेऊन कोंडायचे, आणि मालकानं दंड आणि चाऱ्याचे पैसे भरल्याशिवाय सोडायचे नाहीत. लहानपणी मला वाटायचं की हा आमच्या गावचाच काहीतरी कडक रिवाज आहे. पुढे कळलं की त्यामागे १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा होता, आणि तो नुसता शेतापुरता नव्हता. सार्वजनिक रस्ता, बाग, लावलेली झाडं, कालवा, बंधारा यांची नासधूस करणारं गुरूही कोंडवाड्यात जायचं. म्हणजे सगळ्यांच्या जागेचं नुकसान झालं तर काय करायचं, कुणी करायचं आणि कुठं न्यायचं, याला गावात दगडाच्या भिंतींनी दिलेलं उत्तर होतं. म्हशीचा मालक शिव्या द्यायचाच. पण “जागा कुणाची?” असं त्याला किंवा हाकणाऱ्याला कुणी विचारत नसे, कारण ते सगळ्यांना पाठ होतं.

आमच्या टेकडीचं पाठ करायला मला चार महिने लागले. ते चार महिने सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. तलाठ्याकडे दोनदा, नकाशे ठेवणाऱ्या कार्यालयात तीनदा, आणि एकदा एका खोलीत, जिथं मला पाऊण तास बसवून मग ‘साहेब आज यायचे नाहीत’ असं सांगितलं. शेवटी कळलं ते असं. मारुतीपासूनच्या पायऱ्या महापालिकेच्या. पायऱ्या संपतात तिथं गवतात एक चुना लावलेली दगडांची बुरजी आहे, जिच्यावर मी बावीस वर्षं बुटाची नाडी बांधायला पाय ठेवत आले. ती वनहद्दीची खूण. तिच्यापुढचं पठार वन खात्याचं. पश्चिमेचा उतार खासगी, आणि त्यावर भावाभावांचा दावा चालू. मोडलेलं बाक नगरसेवकाच्या निधीतलं, पण बसवलंय वनहद्दीत, बुरजीच्या आत चार पावलं. त्यामुळे ते दुरुस्त कुणी करायचं हा प्रश्न दोन्ही दारांवरून परत आला. माझ्या समजुतीप्रमाणे ते बाक अजूनही अधांतरीच आहे. लोक बसतात मात्र त्यावर, पाठ न टेकता.

हे टेकडीचंच असं आहे का, असं वाटत असताना लोहगडाला जाणं झालं. मुलीच्या मैत्रिणी होत्या बरोबर. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून घेतले, त्यांत लोहगड आहे, त्यामुळे मुलींना एकदम त्याचं कौतुक वाटायला लागलेलं. मी तिथं चार दशकांनी जात होते. एकामागून एक दरवाजे ओलांडत वर चढताना हात लावीन त्या दगडावर कुणीतरी कुणाच्या तरी नावाशी बदाम काढून ठेवलेला. काही खडूनं, काही रंगानं, काही खिळ्यानं. खिळ्याची अक्षरं वळणदार होती, म्हणजे निवांत बसून कोरली होती. मुली म्हणाल्या, “काकू, हे कुणाला सांगायचं?” आणि मला हसू आलं, कारण या प्रश्नात मी आता चार महिन्यांची अनुभवी होते.

त्या बारा किल्ल्यांपैकी आठ केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, लोहगड त्यांतलाच. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे. तट-बुरूज एकाकडे असले तरी खालचं रान बहुतेक ठिकाणी वन खात्याचं आणि त्याच्याही खाली वाडी म्हणजे ग्रामपंचायत. तटावरून भिरकावलेली पाण्याची बाटली तळाला पोहोचेपर्यंत दोन-तीन खात्यांच्या हद्दी ओलांडते, आणि ती कुठं थांबली यावर तिची तक्रार कुठं करायची हे ठरतं. कायदा तसा सौम्य नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकाला इजा केली, ते विद्रूप केलं तर १९५८ च्या कायद्यात तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड होता. २०१० च्या दुरुस्तीनं तो दोन वर्षं आणि एक लाखापर्यंत गेला. हे मी मुलींना सांगितलं. एकीनं लगेच विचारलं, “मग हे बदामवाले सगळे आत आहेत का?”

शिवकाळात गडावर हवालदार असे, सबनीस असे, कारखानीस असे. माणसं हवालदाराची, हिशेब सबनिसाचा, कोठार कारखानिसाचं. तटाचा चिरा ढळला तर कुणाच्या दाराशी जायचं हे पोरालाही ठाऊक असणार. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडाच्या केरावर लिहिलं आहे. वाटेवर, बाजारात, तटाजवळ केर पडू द्यायचा नाही, झाडलेला केर गडाखाली टाकायचा नाही, जागच्या जागी जाळून राख परसात घालायची आणि तिच्यावर भाजीपाला करायचा. हे लोक मोबाइलवर एकमेकांना पाठवतात आणि आपले पूर्वज किती पुढचे होते म्हणून छाती फुगवतात. मी ते वाचताना एकाच ठिकाणी अडखळते. केर गडाखाली टाकू नये, असं लिहावं लागलं, म्हणजे तेव्हाही कुणीतरी टाकत होतं. तेव्हाच्या केराची राख भाजीला चालत होती, एवढा तेवढा फरक.

असो. टेकडीवर परत येते.

हद्द कळल्यावर काम बरंच सोपं झालं, हे कबूल करायला हवं. आता मी फोटो काढते ते जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ उमटेल असे. काही घडत असताना दिसलं, कुणी आरडाओरडा करतंय, तोडफोड चाललीय, तर ११२. वनहद्दीत आग दिसली तर १९२६. मार्चमधल्या एका दुपारी पठारावर वणवा दिसला तेव्हा मी हाच नंबर फिरवला. पलीकडच्या मुलीनं एकच नेमकं विचारलं, धूर कुठल्या बाजूला सरकतोय? मला तिचं फार कौतुक वाटलं. टेकडीबद्दल मला कुणी धूर कुठं सरकतोय असं विचारण्याची ती पहिली वेळ. आणि टोळक्याला स्वतः जाऊन बोलायचं नाही, हेही शिकले. एकदा बोलले होते. त्यांतला एक हात जोडून म्हणाला, “मावशी, तुमचीच टेकडी, आम्ही पाहुणे.” बाकीचे इतके हसले की खाली उतरेपर्यंत ते मला ऐकू येत होतं.

मग डिसेंबरात पठाराच्या कडेला राडारोडा पडायला लागला.

पश्चिमेकडून एक बैलगाडीवाट वर येते, तिथून रात्री ट्रॅक्टर किंवा टेम्पो चढत असावा. सकाळी बघावं तर विटांचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं, फुटक्या फरश्या, एक कमोड. चार दिवसांत तीन ढीग झाले. मी नेहमीप्रमाणे फोटो काढायला लागले, एक दुरून, एक जवळून, एक बुरजीसकट. जवळचा फोटो काढायला वाकले आणि ढिगाच्या पायाशी मला एक कडप्पा दिसला.

कडप्पा कुणाच्याही घरात असतो. पण याच्या कोपऱ्याला खाच होती. सासूबाई ओट्याच्या त्याच कोपऱ्यावर नारळ फोडायच्या, आणि त्यांच्यामागे मीही. एकोणतीस वर्षांच्या नारळांनी पडलेली खाच होती ती. मी तिच्यावर हात ठेवून बघितला. अंगठा बरोबर बसला.

दिवाळीआधी आम्ही ओटा बदलला. कडप्पा काढून काळा ग्रॅनाइट बसवला. ठेकेदारानं राडारोडा उचलायचे साडेतीन हजार वेगळे सांगितले होते. मी घासाघीस करून अडीचवर आणले आणि त्या दिवशी स्वतःवर खूष होते. तो कुठं नेणार, हे मी विचारलं नाही. पोती जिन्यातून खाली गेली, जिना झाडून झाला, माझ्या लेखी विषय संपला.

ढिगाशेजारी उभं राहूनच ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, मी टेम्पोवाल्याला पैसे दिले होते, तो कुठं टाकतो ते मी कसं बघणार?” टेम्पोवाल्याचा नंबर घेतला. तो म्हणाला, माल त्यानं ट्रॅक्टरवाल्याला दिला, टाकायची जागा लांब पडते, डिझेल परवडत नाही. बोलता बोलता त्यानंच विचारलं, “तुम्ही किती दिले होते?” मी आकडा सांगितला. तो “मग!” एवढंच म्हणाला.

घरी येऊन बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे तेव्हा लागू असलेले २०१६ चे नियम वाचले. हा कचरा गोळा करणं, वेगळा करणं, साठवणं ही पहिली जबाबदारी ज्याच्या कामातून तो निघाला त्याची, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ठेकेदाराची, टेम्पोची गोष्ट नंतरची. सहा वर्षं मी ज्याला शोधत होते तो माणूस असा एकदम सापडला.

रात्री अर्ज लिहायला बसले. तारीख, वेळ, वनहद्दीची बुरजी, ढिगांची मापं, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं: ‘यातील काही माल माझ्या स्वतःच्या घराच्या दुरुस्तीतील असून तो येथे आणून टाकला जाईल याची मला कल्पना नव्हती.’ नवऱ्यानं चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाला, “लष्कराच्या भाकऱ्या भाजत होतीसच, आता हातही भाजून घे.” मुलीनं फोनवर विचारलं, “आई, दंड झाला तर?” मी म्हटलं, मग ते हजार रुपये वाचवलेत ना, त्यातून भरू.

या वेळी खिडकी बरोबर होती. वनपालांनी अर्ज पूर्ण वाचला, फोटो उलटसुलट करून पाहिले, शेवटच्या ओळीवर पेन ठेवलं.

“हे काढा मॅडम.”

“का?”

“तक्रारदार पण तुम्ही आणि आरोपी पण तुम्हीच, असं होतंय. आमच्या रकान्यात बसत नाही.”

“बसत नसेल तर खाली लिहा, जागा आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या टेबलावर बघितलं, तिथं कुणी नव्हतं. “बरं,” म्हणाले, आणि ओळ तशीच ठेवून माझ्या प्रतीवर आवक क्रमांक घालून शिक्का मारला. शाई ओली होती, म्हणून मी तो कागद दोन बोटांत धरून बसस्टॉपपर्यंत चालत गेले. आजी कुणाला बोलण्याचं भान नसलं की म्हणायची, ‘पोच नाही मेल्याला’. माझ्याकडे आता लेखी पोच होती, तारीख-वार घालून.

पुढचे अडीच आठवडे काही झालं नाही. ढीग तीनाचे चार झाले. काकांनी पोत्यात विटा भरायला सुरुवात केली आणि त्यांच्या पाठीत चमक भरली.

एका गुरुवारी रात्री साडेआठला फोन आला. वनरक्षक मुलगा होता, आवाजावरून पंचविशीचा. “मॅडम, वाटेवर ट्रॅक्टर अडवलाय. पंचनाम्याला दोन पंच लागतात. इथं कुणी थांबायला तयार नाही. याल का?”

मी काकांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे सही करायची?”

“हो.”

“सही केली म्हणजे सांगितल्यासारखंच की ते.”

“तसंच आहे.”

ते आले. कानटोपी, टॉर्च आणि बगलेत घडी घातलेलं पोतं. ते पोतं सवयीनं आणलं असणार. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर एक पोरगा बसला होता, अठरा-एकोणीसचा, मोबाइलमध्ये बघत होता आणि त्यात काहीच लागलेलं नव्हतं. मालकाचा फोन बंद येत होता. काकांनी त्याला विचारलं, जेवलास का? त्यानं मान हलवली, हो का नाही ते कळलं नाही.

वनरक्षकानं बॉनेटवर कागद पसरले. काकांनी टॉर्च धरली. मी घाईत चष्मा विसरले होते, काकांचा लावून पाहिला तर अक्षरं आणखीच पसरली. म्हणून तो मोठ्यानं वाचत लिहायला लागला. विटांचे तुकडे, अंदाजे अर्धा ब्रास. प्लास्टरचा माल. फुटक्या फरश्या. टॉर्चचा झोत मागच्या जुन्या ढिगावर गेला आणि थांबला.

“हा कडप्पा आजच्या ट्रॉलीतला का आधीचा?”

“आधीचा,” मी म्हटलं. “माझा.”

त्यानं मान वर केली नाही. लिहीत म्हणाला, “जुना कडप्पा, एक नग. कोपऱ्याला खाच.”